महागाईत गरिबाच्या ताटातून आधी काय जातं? जगाची भूक मोजणाऱ्या पां. वा. सुखात्मे यांची गोष्ट

नागपूर विमानतळाच्या बाजूने वर्धा रोडवरून दक्षिणेकडे निघालं की मिहान लागतं. विमान दुरुस्तीचं केंद्र, आयटी कंपन्या, एम्सचं मोठं आवार, अलीकडे आलेला फूड पार्क. विदर्भाचा कायापालट करणारा प्रकल्प म्हणून गेली वीसेक वर्षं हे नाव कानावर पडतंय.

या प्रकल्पाला चार हजार हेक्टरहून जास्त जमीन लागली. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव अशा गावांची शेतं त्यात गेली. मोबदला किती मिळाला, नोकऱ्या कुणाला लागल्या, यावर भरपूर बोललं गेलं. पण शेत गेलं की आणखी एक गोष्ट बदलते आणि तिची बातमी होत नाही. ती म्हणजे घरातलं ताट.

शेत असतं तेव्हा ज्वारी घरची असते, तूर घरची असते, बांधावरची भाजी फुकट मिळते. शेत गेलं की मिठापासून डाळीपर्यंत सगळं विकत आणावं लागतं. तुरीचा भाव चढला की पिकवणाऱ्याला चार पैसे जास्त मिळतात. विकत घेणाऱ्याच्या घरी मात्र त्याच दिवसापासून वरण पातळ होतं. भाव एकच, पण तुम्ही काट्याच्या कुठल्या बाजूला उभे आहात यावर सगळं ठरतं.

मग प्रश्न येतो की महागाई वाढली की गरीब घर नेमकं किती कमी खातं? आणि किती कमी खाल्लं म्हणजे ते उपाशी आहे असं म्हणायचं? प्रश्न साधा वाटतो. पण आपल्याच मातीतल्या एका माणसाने आयुष्यातली जवळपास पन्नास वर्षं याच प्रश्नावर घालवली. जगात किती लोक उपाशी आहेत याचा आकडा संयुक्त राष्ट्रं आज दरवर्षी जाहीर करतात, त्या पद्धतीचा पाया या माणसाने घातला. आणि गरिबाला जगायला किती लागतं यावर देशात जो मोठा वाद झाला, त्याच्या मधोमधही हाच माणूस होता.

त्यांचं नाव पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

बुध ते लंडन

सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. हे गाव खटाव तालुक्यातलं. माण-खटाव म्हटलं की पुढे दुष्काळ हा शब्द आपोआप येतो. पाऊस कमी, विहिरी खोल आणि ज्वारी-बाजरीवर चालणारा संसार, असा हा मुलूख.

गणितात डोकं चांगलं चालायचं. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १९३२ साली ते पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. त्या काळी संख्याशास्त्राचं पंढरपूर म्हणावं अशी ती जागा होती. फिशर, एगॉन पिअर्सन, नेमन अशी मंडळी तिथे एकाच वेळी काम करत होती. हजारो माणसांची माहिती गोळा करायची असेल तर प्रत्येकाच्या दारात न जाता, मोजक्या नमुन्यावरून खरं चित्र कसं काढायचं, याचं शास्त्र तेव्हा तिथे घडत होतं. सुखात्मे त्यात उतरले. १९३६ मध्ये पीएचडी आणि १९३९ मध्ये डीएससी झाले.

भारतात परतल्यावरचा त्यांचा एक प्रसंग सांगितला जातो. बनारस हिंदू विश्वविद्यालयात नोकरीच्या आशेने ते पंडित मदनमोहन मालवीय यांना भेटले. मालवीयांनी त्यांना विचारलं की या शास्त्राचा देशातल्या गरीब माणसाला काय उपयोग? लंडनमध्ये कठीण प्रमेयं सोडवून आलेल्या तरुणाला त्यावर पटेल असं उत्तर देता आलं नाही. नोकरी मिळाली नाही, पण प्रश्न डोक्यात राहिला. पुढच्या आयुष्यात ते जे काही करत गेले, ते या प्रश्नाचं उत्तर होतं असं म्हणायला हरकत नाही.

नजर अंदाज बंद, मोजणी सुरू

कोलकात्याच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजिन अँड पब्लिक हेल्थमध्ये त्यांनी काही काळ काम केलं. मग ते दिल्लीला शेती संशोधन परिषदेत गेले. हीच संस्था आज आयसीएआर म्हणून ओळखली जाते. १९४० च्या दशकातला हा काळ आहे. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि धान्याचे भाव भडकत होते.

१९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला. वीस ते तीस लाख माणसं गेली असावीत असा अंदाज आहे. या दुष्काळाचा नंतर अमर्त्य सेन यांनी अभ्यास केला आणि एक धक्कादायक गोष्ट मांडली. त्या वर्षी बंगालमधलं धान्य इतकंही कमी झालेलं नव्हतं. तांदळाचा भाव मात्र काही महिन्यांत कित्येक पट झाला होता. मेले ते प्रामुख्याने तांदूळ विकत घेऊन खाणारे, म्हणजे शेतमजूर, मासेमार आणि छोटे कारागीर. त्यांची मजुरी भावाच्या मागे पडली आणि बाजारात धान्य असूनही ते त्यांच्या हाताला लागलं नाही.

सरकारपुढे तेव्हा आणखी एक अडचण होती. देशात पिकतं किती, हेच नीट माहीत नव्हतं. पिकाचा अंदाज कसा काढायचे हे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. आणेवारी! गावकामगार शिवारात फेरी मारायचे आणि पीक सोळा आण्यांपैकी किती आणे आलंय ते नजरेने ठरवायचे. नजर कुणाची, मर्जी कुणाची, यावर आणे कमीजास्त व्हायचे. अशा आकड्यांवर रेशनिंग कसं करणार?

सुखात्मे आणि त्यांचे सहकारी व्ही. जी. पानसे यांनी यावर काढलेला उपाय कागदावर अगदी साधा होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गावं निवडायची, गावातली शेतं निवडायची, शेतात ठरावीक मापाचा चौकोन आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं आणि वजन करायचं. यालाच आपण पीक कापणी प्रयोग म्हणतो. चौकोन केवढा असावा यावर त्यांचं थेट प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी वाजलं. महालनोबिस छोट्या तुकड्याच्या बाजूचे होते. तुकडा फार छोटा असला की कडेची रोपं आत धरली जातात आणि उत्पन्न आहे त्यापेक्षा जास्त दिसतं, असं सुखात्मे यांनी दाखवून दिलं.

आज यवतमाळ-वर्ध्यातला शेतकरी पीकविम्याचे पैसे मंजूर होतात की नाही याची वाट बघतो, तेव्हा मंडळात झालेल्या पीक कापणी प्रयोगाचा आकडा त्याचं नशीब ठरवत असतो. त्या प्रयोगाची मुळं इथे आहेत.

रोममध्ये बसून जगाची भूक मोजताना

१९५१ मध्ये सुखात्मे रोमला गेले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत, म्हणजे एफएओत, ते संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले आणि १९७० पर्यंत तिथेच राहिले.

त्या काळात जगभर एक वाक्य फिरत होतं की दोन तृतीयांश मानवजात भुकेली आहे. हे म्हणणारे साधेसुधे नव्हते. एफएओचे पहिले महासंचालक आणि शांततेचं नोबेल मिळालेले लॉर्ड बॉइड ऑर यांचं ते म्हणणं होतं. आकडा मोठा होता, मन हेलावणारा होता, त्यामुळे सगळीकडे चालून गेला. मग काही अर्थतज्ज्ञांनी त्यावर हल्ला चढवला. हा आकडा मुळात आणलात कुठून, असा त्यांचा सवाल होता.

सुखात्मे यांना कुणाची बाजू घ्यायची नव्हती. मोजायचं होतं. १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे त्यांनी जगाच्या भुकेवरचा आपला निबंध वाचला. त्यातली कल्पना सोप्या शब्दांत अशी.

समजा, एखाद्या गावात माणशी रोज सरासरी २२५० कॅलरींची गरज आहे. मग २२५० पेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी म्हणायचा का? तसं म्हटलं तर सगळं गाव धडधाकट असलं तरी निम्मं गाव उपाशी ठरेल. कारण सरासरी म्हणजेच काही वर, काही खाली. कुणाची चण बारीक असते, कुणाचं काम बैठं असतं, कुणाला मुळातच कमी लागतं. म्हणून सरासरीऐवजी तिच्याखालची अशी एक किमान रेघ धरायची, की जिच्याखाली खाणारा माणूस निरोगी आणि कामाचा राहण्याची शक्यता फार कमी असेल. त्या रेघेच्या खालचे लोक मोजायचे. ते नक्की उपाशी.

या हिशोबाने जगातली दहा ते पंधरा टक्के लोकसंख्या सरळसरळ अर्धपोटी होती. पण सुखात्मे तिथे थांबले नाहीत. पोट भरतं पण अन्नात कस नाही, अशांनाही धरलं तर आकडा जगाच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत जात होता. म्हणजे उपाशी असणं वेगळं आणि कुपोषित असणं वेगळं, हा फरक त्यांनी आकड्यांत पकडला. या कामासाठी सोसायटीने त्यांना १९६३ मध्ये गाय पदक दिलं.

आज संयुक्त राष्ट्रांचा अहवाल येतो आणि जगात अमुक कोटी लोक भुकेले अशी हेडलाइन तुमच्या फोनवर झळकते. २०२३ साठी तो आकडा ७३ कोटींच्या आसपास होता. तो काढण्याची रीत पुढे बरीच सुधारली, पण तिचा सांगाडा सुखात्मे यांच्या याच कामातून आलेला आहे.

प्रोटीनचा गाजावाजा आणि साधी भाकरी

१९६० च्या दशकात जगाला नवी काळजी लागली. गरीब देशांतली मुलं खुरटतात, कारण त्यांना प्रोटीन मिळत नाही, असं ठामपणे सांगितलं जाऊ लागलं. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या प्रोटीन संकटावर अहवाल काढला. माशांची पूड, शेंगदाण्याची पेंड, पेट्रोलियमवर वाढवलेले सूक्ष्मजीव अशा नाना गोष्टींतून प्रोटीन काढायचे प्रयोग सुरू झाले. पैसा वाहू लागला.

सुखात्मे यांनी भारतातल्या आहार पाहण्यांचे आकडे उलटून पाहिले आणि वेगळंच काही दिसलं. ज्यांच्या अन्नात प्रोटीन कमी पडत होतं, त्यातल्या बहुतेकांना मुळात जेवणच कमी पडत होतं. पोटभर जेवणाऱ्यांत प्रोटीनची तूट फारशी नव्हती.

याचं कारण शरीराच्या हिशोबात आहे. शरीराला सगळ्यात आधी इंधन लागतं. चुलीला सरपण कमी पडलं तर माणूस घरातलं लाकडी सामान चुलीत घालतो. तसंच शरीर करतं. पुरेशा कॅलरी मिळाल्या नाहीत तर खाल्लेलं प्रोटीन अंग बांधायला न वापरता ते इंधन म्हणून जाळून टाकतं. अर्धपोटी मुलाला महागडी प्रोटीन पावडर दिली तर त्यातलाही मोठा वाटा चुलीतच जातो.

आणि ज्वारी-गव्हात प्रोटीन नसतं असंही नाही. साधारण दहा-अकरा टक्के असतं. त्याला डाळीची जोड दिली की एकातली उणीव दुसरं भरून काढतं. भाकरी-पिठलं किंवा वरण-भात आपल्या आज्या काही उगाच वाढत नव्हत्या. अट एकच, ते पोटभर मिळालं पाहिजे.

त्यामुळे सुखात्मे यांचा निष्कर्ष असा होता की गरिबाला डबाबंद प्रोटीनपेक्षा त्याचंच नेहमीचं जेवण पुरेसं परवडेल अशी व्यवस्था हवी. म्हणजे प्रश्न प्रयोगशाळेचा कमी, मजुरीचा आणि भावाचा जास्त. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन यांच्या कामातूनही हेच निघत होतं. १९७३ मध्ये जागतिक तज्ज्ञ समितीने प्रोटीनची गरज कमी करून मांडली आणि त्याच्या पुढच्याच वर्षी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात या सगळ्या प्रोटीन प्रकरणाची फजिती मांडणारा लेख आला.

दोन सातारकर आणि एक रेघ

सुखात्मे पुण्यात परतले तेव्हा महाराष्ट्राची परिस्थिती बिकट होती. १९७२ चा दुष्काळ पडला होता. रेशनवर लाल मिलो मिळत होती, दुष्काळी कामांवर सुकडी वाटली जात होती. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्यांच्या मागे हजारो बायका हातात लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरत होत्या. धान्य, तेल, साखर, रॉकेल या रोजच्या गोष्टींसाठी ती लढाई होती.

त्याआधी थोडंच, जानेवारी १९७१ मध्ये, पुण्याच्याच गोखले इन्स्टिट्यूटमधून एक अभ्यास बाहेर पडला होता. लेखक होते वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ. नागपूरकरांना दांडेकर हे नाव विदर्भाच्या अनुशेषामुळे ठाऊक आहे. १९८३ मध्ये नेमलेली प्रादेशिक असमतोलावरची दांडेकर समिती ती यांचीच. मिहानसारखे प्रकल्प विदर्भात का हवेत, या चर्चेचं एक टोक त्या समितीच्या अहवालाला जाऊन भिडतं.

दांडेकर आणि रथ यांनी विचारलं की माणशी रोज २२५० कॅलरी मिळतील एवढं खाणारं घर महिन्याला एकूण किती खर्च करतं? १९६०-६१ च्या भावाने उत्तर आलं ते असं: खेड्यात माणशी साधारण १५ रुपये आणि शहरात साधारण साडेबावीस रुपये. यापेक्षा कमी खर्च करणारे गरीब. तसे पाहता खेड्यातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले सुमारे ५० टक्के लोक या रेघेखाली होते. देश हादरला.

इथे सुखात्मे वादात उतरले. त्यांचं म्हणणं होतं की दांडेकरांनी सरासरी ही किमान रेघ म्हणून धरली, ही जुनीच चूक झाली. शिवाय एकाच माणसाची गरजही रोज सारखी नसते. आज कमी, उद्या जास्त असं खाऊन शरीर काही मर्यादेत आपला तोल सांभाळतं, कमी अन्नातही काटकसरीने काम भागवतं. म्हणून रेघ बरीच खाली हवी. त्यांच्या हिशोबाने अर्धपोटी लोकांचा आकडा जवळपास निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येत होता.

दांडेकर गप्प बसणारे नव्हते. १९८०-८२ च्या सुमारास इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकलीच्या पानांवर ही जुगलबंदी रंगली. दांडेकरांचा मुद्दा होता की आपण एकेका माणसाची नाडी तपासत नाही आहोत. हजारो घरांच्या गटाची सरासरी पाहतो आहोत. गटात कमी भूक असलेलेही असतात आणि जास्त भूक असलेलेही, त्यामुळे त्यांचा फरक एकमेकांत मिटून जातो. तरीही गरिबांच्या गटाची सरासरी दरवेळी कमीच आणि पैसेवाल्यांची दरवेळी जास्तच का निघते? गरिबाची भूक जन्मजात कमी असते का? तर नाही. त्याच्या खिशात पैसे कमी असतात.

प्रोटीनच्या वादात सुखात्मे यांच्याच दिशेने गेलेले डॉ. गोपालनही इथे विरोधात उभे राहिले. शरीर जुळवून घेतं हे खरं, पण कशाच्या बदल्यात? मूल उंचीने खुजं राहतं, मजूर लवकर थकतो, बाई मिळेल त्या क्षणी बसून राहते. याला तोल सांभाळणं म्हणायचं की झीज सोसणं?

हा नुसता विद्वानांचा वाद नव्हता. रेघ खाली सरकली की कागदावर लाखो माणसं गरिबीतून बाहेर येतात, त्यांच्या ताटात एक घासही वाढलेला नसताना. १९७९ मध्ये योजना आयोगाच्या गटाने वरची बाजू घेतली आणि खेड्यात २४००, शहरात २१०० कॅलरींचा आधार धरला. तीस वर्षांनी, २००९ मध्ये, सुरेश तेंडुलकर समितीने कॅलरींवर रेघ ठरवणं सोडलं, पण आपली रेघ पुरेशी आहे हे पटवताना एफएओच्या १८०० कॅलरींच्या किमान मापाचा दाखला दिला. म्हणजे सुखात्मे यांची किमान रेघ मागच्या दाराने परत आली. त्यानंतर २०११ मध्ये शहरात दिवसाला ३२ रुपये खर्च करणारा गरीब नाही हा हिशोब न्यायालयात मांडला गेला आणि देशभर किती गदारोळ झाला, ते अनेकांना आठवत असेल.

रेघेच्या पलीकडे

सुखात्मे यांना या वादात गरिबांचा विरोधक ठरवणं सोपं आहे. पण ते अन्यायाचं होईल. त्यांची तक्रार अशी होती की प्रत्येक दुबळं मूल अन्नाअभावी दुबळं नसतं. गढूळ पाणी, उघड्यावरची घाण, सततचे जुलाब आणि जंत यांमुळे खाल्लेलं अंगीच लागत नाही. फुटक्या घागरीत पाणी ओतत राहून काय उपयोग? म्हणून अन्नासोबत स्वच्छ पाणी, संडास आणि आरोग्यसेवा एकत्र द्या, हा आग्रह त्यांनी शेवटच्या काळात धरला.

आणि ते नुसतं लिहून थांबले नाहीत. पुण्यात त्यांनी इंदिरा कम्युनिटी किचन सुरू केलं. कष्टकऱ्यांना परवडेल अशा दरात सकस जेवण, हा त्यामागचा विचार. महाराष्ट्र सरकारची दहा रुपयांची शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली. एकत्र शिजवलं तर ताट स्वस्त पडतं, हे गणित तिच्याही मागे आहे.

२८ जानेवारी १९९७ रोजी सुखात्मे गेले. पद्मभूषण मिळालेल्या या माणसाच्या नावाने आज केंद्र सरकार संख्याशास्त्रासाठी राष्ट्रीय पुरस्कार देतं. बाहेर मात्र त्यांचं नाव फारसं कुणाला माहीत नाही.

मग महागाईत नेमकं काय होतं?

सुखात्मे यांच्या कामातून आणि त्यांच्याशी झालेल्या वादातून जे हाती लागतं, ते घेऊन पुन्हा मिहानच्या त्या स्वयंपाकघरात जाऊ.

सरकारच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार खेड्यातलं सरासरी घर खर्चाच्या ४७ टक्के आणि शहरातलं सुमारे ४० टक्के रक्कम खाण्यापिण्यावर घालवतं. गरीब घरात हा वाटा आणखी मोठा असतो. समजा एक घर शंभरातले साठ रुपये अन्नावर खर्च करतं आणि दुसरं पंचवीस. अन्न दहा टक्क्यांनी महागलं तर पहिल्याला तेवढंच खायला सहा रुपये जास्त लागतात, दुसऱ्याला अडीच. दुसरं घर हॉटेलात एकदा कमी जातं. पहिल्या घराला ताटातूनच काहीतरी काढावं लागतं.

काढलं जातं ते एका ठरलेल्या क्रमाने. आधी फळं आणि अंडी जातात. मग दूध चहापुरतं उरतं. मग भाजी कमी होते, नुसते कांदे-बटाटे राहतात. मग वरणात पाणी वाढतं, किंवा तुरीच्या जागी स्वस्त डाळ येते. पूर्व विदर्भात कधीकाळी ही जागा लाखोळी घ्यायची. ती रोज भरपूर खाल्ली तर पाय लुळे पडण्याचा धोका असतो, हे माहीत असूनही. भाकरी, पोळी आणि भात सगळ्यात शेवटी कमी होतात, कारण कमी पैशात जास्त कॅलरी त्यातूनच मिळतात. गरीब घराला कॅलरी हा शब्द माहीत नसेल, पण हिशोब पक्का माहीत असतो.

इथे रेशनचा आधार मोठा आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र घरांना माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं आणि २०२३ पासून ते मोफत आहे. बंगालसारखं मरण आज येत नाही, याचं एक कारण ही व्यवस्था आहे. पण ती मुख्यतः गहू-तांदळाची व्यवस्था आहे. डाळ, तेल, भाजी, दूध, अंडी बाजारभावाने घ्यावी लागतात आणि भाव जास्त उसळतात ते त्यांचेच. २०१५ मध्ये तूरडाळ दोनशे रुपयांना टेकली होती, २०२३ मध्ये टोमॅटो शंभरीपार गेला होता.

म्हणून महागाईत गरीब माणूस सुखात्मे यांच्या किमान रेघेच्या वर राहू शकतो. पोट भरलेलं असतं, उपाशी लोकांच्या यादीत त्याचं नाव येत नाही. पण रक्त कमी होत जातं, मुलाची उंची अडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. रेशनचं धान्य लाखो घरांत पोचत असतानाचा हा आकडा आहे.

आणखी एक गोष्ट. घराची सरासरी काढली की घरातली वाटणी दिसत नाही. कमावता पुरुष आणि मुलगे आधी जेवतात, सून आणि आई शेवटी. भाव वाढले की सरासरी थोडीशीच खाली येते, पण शेवटी बसणाऱ्या बाईच्या ताटात नुसता भात आणि आमटीचं पाणी उरतं. दांडेकरांची रेघ असो की सुखात्मे यांची, ही बाई दोन्हींच्या मापातून निसटते.

सुखात्मे यांचं अर्धं उत्तर चुकलं असेल. शरीर किती सोसतं यावर त्यांनी जरा जास्तच भरवसा ठेवला. पण उपाशी आणि कुपोषित यांतला फरक त्यांनीच आधी मोजून दाखवला होता, आणि आज नेमका तोच फरक कामाला येतो. महागाईचा आकडा जाहीर होतो तेव्हा धान्य किती वाढलं एवढं पाहून भागत नाही. डाळ, दूध, अंडी आणि भाजी यांचं काय झालं, हे पाहावं लागतं.

मिहानच्या फूड पार्कमध्ये विदर्भाच्या शेतातला माल येईल, डब्यात भरला जाईल आणि लांबच्या शहरांत जाईल. एम्सच्या ओपीडीत रक्त कमी असलेल्या बायका आणि वजन न वाढणारी मुलं येतील. या दोन्हींच्या मध्ये एक स्वयंपाकघर आहे, जिथे कुणीतरी रोज संध्याकाळी ठरवतं की आज डाळीत किती पाणी घालायचं. विकास ताटापर्यंत पोचला की नाही, हे तिथे कळतं.